माइक आधी रेफ्रीसमोर धरा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

काल तुमच्या क्रीडा पानावर सामन्यानंतरच्या मुलाखतींबद्दलचा मजकूर वाचला. रात्री झोपतानाही तोच डोक्यात होता, म्हणून आज लिहायला बसलो. लेखकाचं म्हणणं असं की, टीव्हीवाले कोट्यवधी मोजतात, तेव्हा शिट्टी वाजल्यावर कोचने आणि खेळाडूंनी माइकसमोर यायलाच हवं, आणि रेफ्रीच्या नावाने बोटं मोडणारा किंवा तोंड फिरवून जाणारा तो रडका. हा 'रडका' शब्द मला फार लागला. मी एकतीस वर्षं शाळेत फुटबॉल शिकवला. हरल्यावर ढसाढसा रडलेली पोरं मी पाहिली आहेत, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला माझ्याआधी मैदानावर आलेलीही तीच पाहिली आहेत.

पैशाचा मुद्दा मान्य करतो. पण माइकसमोर येऊन बोलायचं काय, तेही लेखकाने सांगायला हवं होतं. कोच अॅलेक्स फर्ग्युसन २००४ ते २०११ बीबीसीशी बोलले नाहीत. त्या काळात त्यांच्या मँचेस्टर युनायटेडने चार वेळा इंग्लंडची लीग जिंकली, फुटबॉलचं काही बिघडलं नाही. मार्च २०११ मध्ये चेल्सीविरुद्ध हरल्यावर मात्र ते रेफ्री मार्टिन अॅटकिन्सनविषयी बोलले, आणि पाच सामन्यांची बंदी व तीस हजार पौंडांचा दंड झाला. नोव्हेंबर २०२३ मध्ये न्यूकॅसलच्या गोलवरून आर्सेनलचे कोच आर्टेटा भडकून बोलले, तर त्यांच्यावर एफएने, म्हणजे इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने, आरोप ठेवला. तो पुढे सिद्ध झाला नाही, तो भाग वेगळा. हरलेल्या माणसाला उभं करायचं, प्रश्न रेफ्रीचाच विचारायचा आणि खरं उत्तर दिलं की शिक्षा करायची, याला जबाबदारी म्हणायला माझी जीभ वळत नाही.

हे मी परदेशातल्या बातम्या वाचून म्हणत नाही. माझ्या डोळ्यांसमोर घडलं आहे.

सतरा वर्षांखालच्या मुलांची शालेय स्पर्धा होती, उपांत्य सामना. वर्ष आणि शाळा लिहीत नाही, ती माणसं याच गावात आहेत. पावसाचे दिवस. सकाळी मारलेली फक्की दुसऱ्या हाफपर्यंत चिखलात गेली होती, गोललाइन कुठे आहे ते पोस्टकडे बघून ठरवावं लागत होतं. ०-० होते आणि पाचेक मिनिटं उरली होती. समोरच्या विंगरने गोललाइनच्या हातभर बाहेर गेलेला बॉल ओढून आत टाकला. आमचा कीपर हात वर करून थांबला, बॅक थांबले, त्यांच्या पोराने बॉल आत ढकलला. लाइन्समन म्हणून एक कॉलेजचा मुलगा उभा केला होता, त्याचा झेंडा खालीच राहिला. रेफ्रींनी सेंटरकडे हात केला, म्हणजे गोल दिला.

सामना संपला तेव्हा मी किट मोजत होतो. एका दैनिकाचा वार्ताहर, तुमचा नव्हता, सरळ गोलपोस्टपाशी गेला. आमचा कीपर सोळा वर्षांचा. चिखलाने जड झालेले ग्लोव्हज दातांनी ओढून काढत होता आणि रडत होता. त्याला विचारलं, रेफ्रीबद्दल काय वाटतं? तो म्हणाला, 'पैसे खाल्ले असतील.' दुसऱ्या दिवशी ते छापून आलं. शाळेचं नाव, पोराचं नाव, आणि मथळ्यात 'पंच विकला गेला', जे तो बोललाच नव्हता.

आठवड्याने आयोजकांनी बोलावलं. एक वर्षाची बंदी. पुढच्या वर्षी तो वयात बसणार नव्हता, म्हणजे त्याचा शाळेचा फुटबॉल तिथेच संपला. वर माफीपत्र. पहिल्यात खाडाखोड झाली म्हणून दुसऱ्यांदा लिहायला लावलं. वडील सातपूरला कामाला होते, पाळी सोडून आले होते. खुर्ची रिकामी होती तरी ते सगळा वेळ उभे राहिले. मी त्यांच्या शेजारी उभा होतो आणि एक शब्द बोललो नाही. त्या वार्ताहराला मी अडवायला हवं होतं. किट नंतर मोजता आलं असतं. हे मला आजही टोचतं.

तीन आठवड्यांनी तेच रेफ्री मला बिटको चौकात भेटले. स्वतः स्कूटर थांबवली. म्हणाले, 'सर, मी बॉक्सच्या पलीकडे अडकलो होतो, लाइन दिसलीच नाही. पोराला सांगा, मला वाईट वाटतंय.' पैसे खाणारा माणूस नव्हता तो. सामन्यामागे जे मानधन मिळायचं त्यात पेट्रोलसुद्धा निघत नसे. सामन्याच्याच संध्याकाळी त्यांना कुणी विचारलं असतं तर त्यांनी हेच सांगितलं असतं, आणि मथळा वेगळा आला असता. कुणी विचारलं नाही. रेफ्रीला विचारायचं असतं हे कुणाच्या मनातच आलं नाही.

११ जून २०२४ ला भारत-कतार सामना झाला. छांगतेच्या गोलने आपण पुढे होतो. ७३ व्या मिनिटाला बॉल आपला कीपर गुरप्रीतपाशी गोललाइनच्या बाहेर गेला, आपले खेळाडू थांबले, कतारच्या खेळाडूने तो आत ओढला, यूसुफ आयमेनने गोल केला आणि तो दिला गेला. त्या फेरीत व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ बघून रेफ्रीचा निर्णय तपासायची सोय, नव्हतं. २-१ ने हरलो, वर्ल्ड कप पात्रतेची तिसरी फेरी हातची गेली. रात्री उशिरा मला फोन आला. 'सर, बॉल बाहेर होता.' एवढंच बोलून त्याने ठेवला. आमचा तोच कीपर. आता अंबडला सुपरवायझर आहे, दोन मुलांचा बाप आहे. त्या रात्री हरलेल्या कोचचं आणि खेळाडूंचं मला काही ऐकायचं नव्हतं, ते चेहऱ्यावरच दिसत होतं. मला ऐकायचं होतं ते शिट्टी ज्याच्या तोंडात होती त्याच्याकडून.

ऐकल्याने फरक पडतो. ३० सप्टेंबर २०२३ ला टॉटनहॅमविरुद्ध लिव्हरपूलच्या लुइस दियाझचा चांगला गोल ऑफसाइड ठरवला गेला. तीन दिवसांनी व्हीएआरच्या खोलीतलं बोलणं प्रसिद्ध केलं. मैदानावर गोल दिलाच आहे असं समजून आतला माणूस 'चेक कम्प्लीट' म्हणतो, खेळ सुरू होतो, आणि मग त्याला काय झालं ते कळतं. ते ऐकल्यावर माझा राग निम्मा उतरला. लबाडी नव्हती, गफलत होती. रेफ्री बोलला तर लोक त्याला जगू देणार नाहीत, असं कुणी म्हणेल. एप्रिल २०२३ मध्ये बोखुम-डॉर्टमुंड सामन्यात पेनल्टी न दिल्याची चूक जर्मन रेफ्री साशा श्टेगेमान यांनी जाहीर मान्य केली. त्यांना धमक्या आल्या, हे खरं. धमक्या गप्प बसणाऱ्यांनाही येतात. पण त्यांचा तो प्रामाणिकपणा मी दोन वर्षं वर्गात सांगितला.

आणखी एक सांगायचं आहे. परदेशातला कोच मुलाखतीला आला नाही यावर तुम्ही पाव पान देता. गेल्या मोसमात जिल्ह्याच्या शालेय अंतिम सामन्याला तुम्ही दोन ओळी दिल्या. गोल कुणी केला ते नाही आणि विजेत्या शाळेचं नाव चुकलेलं. दुरुस्तीसाठी मी दोनदा फोन केला, ती आजवर आलेली नाही. गोल करणाऱ्या त्या मुलीने ते कात्रण कापून ठेवलं असतं.

पावसाळ्यात शालेय सामने पुन्हा सुरू होतील. वार्ताहर पाठवा, जरूर पाठवा. सोळा वर्षांच्या पोराचं वाक्य नावानिशी छापण्याआधी त्याला त्या पोराच्या सरांना विचारायला सांगा. आणि त्याआधी रेफ्रीकडे जायला सांगा. सामना संपल्यावर ते गाडीपाशी बूट बदलत असतात, सापडायला अवघड नाहीत.

आपला,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक, नाशिकरोड
(नाव छापू नये, त्या मुलाची ओळख पटेल.)