घोड्याची लिलावातली बोली छापलीत, सापडल्याचं ठिकाण का नाही?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत प्राचीन चीनमधल्या थडग्यांवर आलेला पानभर लेख वाचला. छायाचित्रं सुरेख, छपाईही चांगली. पण अर्धं पान सोनं, जेड आणि लिलावातल्या बोल्यांनी खाल्लं आणि उरलेलं चीनचा पहिला सम्राट छिन शी हुआंग याच्या वेडेपणानं. मी काही इतिहासाचा प्राध्यापक नव्हे. जन्म ग्वाल्हेरच्या लश्कर भागातला, नोकरीही गावातच एका कप-बशांच्या कारखान्यात, भट्टीवर. माल किती सुकला की आत भरायचा आणि आंच कधी चढवायची, एवढं एकच शास्त्र मला येतं. त्याच्याच आधारावर चार शब्द लिहितो.

लेखक म्हणतात, शिआनजवळ या सम्राटाच्या थडग्याशेजारी पुरलेल्या त्या हजारो मातीच्या सैनिकांपैकी प्रत्येकाचा चेहरा निराळा आहे, म्हणजे समोर एकेक खरा शिपाई बसवून मूर्ती घडवली असणार. हे लिहिणाऱ्यानं ओल्या मातीत कधी हात घातलेला दिसत नाही. पाय भरीव, कारण सगळा भार त्यांच्यावर. धड पोकळ, मातीच्या वळ्या एकीवर एक रचून उभं केलेलं. डोकं वेगळं, साच्यात दाबून काढलेलं, आणि मग त्यावर ओल्या मातीचा हात फिरवून नाक, भुवया, मिशा, केसांचा अंबाडा असं सगळं कोरलेलं. साचे थोडे आणि हात अनेक असले की कुठलेही दोन चेहरे तंतोतंत जुळत नाहीत. त्यासाठी शिपायाला ताटकळत बसवायची गरज नाही.

मला खरं नवल वाटतं ते भाजणीचं. पुरुषभर उंचीची मूर्ती, खाली जाड, वर पातळ. पातळ भाग आधी सुकतो, जाड भाग ओल धरून राहतो, आणि ती ओल आत कोंडली की भट्टीत मूर्ती फुटते. आमच्याकडे साधी बरणीसुद्धा घाई केली की तडकायची. या लोकांनी हजार अंशांच्या आसपास भाजलेले अख्खे घोडे उभे केले, आणि त्या घोड्यांच्या पोटाला बाजूनं गोल भोक ठेवलेलं आहे, वाफ निघून जायला. तुमच्या छायाचित्रात ते भोक दिसतं. मजकुरात मात्र त्याचा उल्लेख नाही.

लेखात या कारागिरांना सरसकट ‘अनाम गुलाम’ म्हटलंय. वेठीचे मजूर आणि कैदी तिथे राबले हे खरंच. सिमा चियान या जुन्या इतिहासकारानं सात लाखांचा आकडा दिलाय, आणि आतली गुपितं ठाऊक असलेल्यांना दार बंद करून आतच ठेवल्याचंही लिहिलंय. पण अनाम? मूर्तींवर 80हून अधिक कारागिरांची नावं सापडली आहेत, कुठे कोरलेली, कुठे ठसा मारलेली. काही राजवाड्याच्या कार्यशाळांमधले, काही राजधानी श्यानयांगच्या स्थानिक कुंभारवाड्यांमधले. हा काही सन्मान नव्हता. माल खराब निघाला तर मान कुणाची धरायची, ते कळावं म्हणून ही सोय. आमच्याकडेही हातानं रंगवणाऱ्या बाया बशीच्या बुडाला आपली खूण करायच्या, त्यावरून मजुरी मोजली जायची आणि खोट निघाली की कापलीही जायची. गंमत म्हणजे सिमा चियाननं त्या थडग्यातल्या पाऱ्याच्या नद्यांचं वर्णन केलंय, पण या मातीच्या सैन्याबद्दल अवाक्षर नाही. 1974 साली शेतकरी विहीर खणत होते म्हणून ते कळलं.

रंगाबद्दल आपण एका ओळीत ‘काळाच्या ओघात उडाला’ म्हणून मोकळे झालात. तो बराचसा आपल्या काळातच उडाला. मूर्ती भाजून झाल्यावर लॅकरच्या झाडाच्या चिकाचा थर द्यायचे आणि त्यावर रंग. दोन हजार वर्षं ओल्या जमिनीत तो थर टिकला, पण बाहेरची कोरडी हवा लागली की काही मिनिटांत सुकून वळतो आणि रंगासकट सुटतो. सम्राटाच्या थडग्यावरचा मुख्य ढिगारा अजून कुणी उकरलेला नाही, याबद्दल लेखकांना हळहळ वाटते. मला तर हायसं वाटतं.

आता थोडं सम्राटाला सोडून. त्याच्यानंतरच्या हान घराण्याच्या काळातल्या थडग्यांमधून मातीची छोटी छोटी घरं निघतात. विहीर, धान्याचं कोठार, चूल, टेहळणीचा मनोरा, आणि मला सगळ्यांत आवडलेला डुकरांचा गोठा. त्याच्या कडेला उंचावर शौचकूप, खाली डुकरं, एखादी बाहेर तोंड काढून बघणारी. शेतीला खत कुठून यायचं, हे समजायला याहून सोपा पुरावा कुठला? त्यावरची हिरवी झिलई शिशाची. शिसं घातलं की झिलई कमी आंचेवर वितळते, लाकूड वाचतं, चकाकी छान येते. जेवणाच्या भांड्याला ती चालायची नाही, शिसं आंबटात उतरतं. थडग्यात कोण खाणार आहे?

नुसत्या थट्टेनं म्हणत नाही. कन्फ्यूशियसच्या परंपरेतल्या एका जुन्या आचारग्रंथात हेच सांगितलंय: मृतांबरोबर पुरायची भांडी वापरता येणार नाहीत अशीच करावीत, वाद्यांना तारा लावाव्यात पण सुरात जुळवू नयेत. माणूस गेला म्हणून त्याला पूर्ण मेलेला समजणं म्हणजे माया नसणं, आणि अजून जिवंत असल्यासारखं वागणं म्हणजे शहाणपण नसणं. आम्ही शिंदे सरकारच्या गावचे लोक हे चटकन समजतो. शिवपुरीच्या छत्रीत महाराजांच्या पुतळ्याला पोशाख होतो, नैवेद्य दाखवतात. घरोघरी शय्यादानात गादी, छत्री, जोडे देतात, ते काय वेड म्हणून? लेखकांनी चिन्यांबद्दल ‘विचित्र समजुती’ हा शब्दप्रयोग केला नसता तर बरं झालं असतं.

या आचारापलीकडे जाणारेही होते. चांगशा शहराजवळ मावांगदुई इथे 1972 साली उघडलेल्या हान काळातल्या थडग्यात एका सरदाराच्या बायकोचं प्रेत त्वचेसकट टिकलेलं सापडलं. पोटात 138 खरबुजाच्या बिया. तिच्याबरोबर काय काय ठेवलं याची यादी 312 बांबूच्या पट्ट्यांवर, वाण्याच्या वहीसारखी. सुमारे 50 ग्रॅम वजनाचा रेशमी झगाही त्यात होता. आपल्या लेखात झगा आहे आणि बिया आहेत, पण हे टिकलं कसं ते नाही. एकात एक अशा चार शवपेट्या, त्यांच्या लाकडी कोठडीभोवती कोळशाचा थर, आणि त्यावर पांढऱ्या चिकण मातीचा जाड, ठासून भरलेला थर. हवा आणि पाणी दोन्ही अडलं. ही माती कोणी निवडली, कुठून आणली, किती हातांनी ठासली, हे वाचायला मला तरी आवडलं असतं.

आणि तो तांग काळातला, म्हणजे हानांच्याही काही शतकं नंतरचा, मातीचा घोडा. आपण त्याच्याखाली लिलावातली बोली ठळक छापलीत, तो कुठे सापडला ते छापलं नाही. छापणार तरी कुठून? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लोयांगच्या बाजूला रेल्वेमार्ग टाकताना तांग थडगी फुटली, मूर्ती बाजारात आल्या आणि जगभर गेल्या. कुठला घोडा कुठल्या थडग्यातला, त्याच्या शेजारी कोण मोतद्दार उभा होता, ते बहुतेकांबाबत कायमचं गेलं. अंगावरची हिरवी, पिवळी, पांढरी झिलई खाली ओघळून खुरांच्या अलीकडे थांबलेली दिसते, पण शेजारच्या माणसाच्या चेहऱ्याला झिलईच नसते. मुद्दाम. वितळलेल्या झिलईत नाकडोळे बुजतात, म्हणून चेहरा कोराच भाजायचा आणि नंतर रंगवायचा. अशा घोड्यापेक्षा आनयांगची फू हाओ राणी, तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची, अभ्यासाला शंभरपटीनं मोलाची. 1976 मध्ये झंग झेनश्यांग या बाईंनी तिचं थडगं उघडलं तेव्हा ते चोरांच्या हाती लागलेलं नव्हतं. कुठलं कांस्यपात्र कुठे, कुठली जेडची वस्तू कुठे, आणि तिच्याबरोबर मारून पुरलेली 16 माणसं कुठे, सगळं जागच्या जागी.

लेखाचा पुढचा भाग येणार आहे असं शेवटी लिहिलंय. त्यात प्रत्येक छायाचित्राखाली वस्तू कुठे आणि कोणत्या साली सापडली ते द्यावं, आणि ठिकाण माहीत नसेल तर तसं स्पष्ट लिहावं. किंमत दिली नाही तरी चालेल. डुकरांच्या गोठ्याचं चित्र मिळालं तर जरा मोठं छापा.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक निवृत्त भट्टीवाला
दौलतगंज, लश्कर, ग्वाल्हेर