दोन वर्षांची मुदत नेमकी कशासाठी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परदेशी शिक्षणाच्या मेळाव्यांच्या जाहिराती आपल्या पुरवणीत सध्या दर आठवड्याला दिसतात. ब्रिटनच्या जाहिरातीत एक ओळ हमखास असते: एका वर्षात मास्टर्स आणि वर दोन वर्षे कामाची मुभा. ही ओळ वाचून पालक समजतात की आधी अभ्यास उरकायचा, मग निवांत नोकरी शोधायची. या समजापायी बरीच मुले कर्ज डोक्यावर घेऊन परत येतात.

तिथल्या मोठ्या कंपन्या, बँका आणि ऑडिट फर्म यांच्या ग्रॅज्युएट स्कीम, म्हणजे नव्या पदवीधरांच्या भरती योजना, पुढच्या वर्षीच्या जागांसाठी आदल्या ऑगस्ट-सप्टेंबरातच खुल्या होतात. शेवटची तारीख पुष्कळदा नावापुरती असते. जागा भरल्या की अर्ज बंद. आपली मुले सप्टेंबरच्या मध्यावर पोहोचतात, खोली आणि बँक खाते यांत ऑक्टोबर सरतो आणि दिवाळीनंतर बघू म्हणेस्तोवर हंगाम आटोपलेला असतो. एक वर्षाच्या कोर्सला हा हंगाम शिकताना एकदाच मिळतो. त्यामुळे सीव्ही जुलैत, घरी असतानाच तयार हवा. जास्तीत जास्त दोन पाने. फोटो, जन्मतारीख, वडिलांचे नाव, वैवाहिक स्थिती यांतले काहीही नको. आकडेमोडीच्या ऑनलाइन चाचण्या आणि कॅमेऱ्यासमोर एकट्याने द्यायची मुलाखत यांचा सरावही इथूनच सुरू करावा. पहिली चाळणी तिथेच लागते.

आता त्या दोन वर्षांविषयी. 1 जानेवारी 2027 पासून अर्ज करणाऱ्या पदवी आणि मास्टर्सच्या विद्यार्थ्यांना ग्रॅज्युएट व्हिसा, म्हणजे शिक्षणानंतरच्या कामाची ती मुभा, 18 महिन्यांचाच मिळणार आहे. पीएचडीवाल्यांची तीन वर्षे कायम आहेत. म्हणजे 2026 च्या सप्टेंबरात निघणाऱ्यांना दोन वर्षे मिळणारच नाहीत. 2025 ला गेलेले अगदी काठावर आहेत, कारण कोर्स पूर्ण झाल्याचे विद्यापीठाने गृह खात्याला कळवल्याशिवाय हा अर्ज करता येत नाही आणि मास्टर्सचे निकाल बहुधा नोव्हेंबर-डिसेंबरात लागतात. प्रबंधाला मुदतवाढ घेतली किंवा एखादा विषय राहिला, तर सहा महिने हातचे जातील. खर्चही किरकोळ नाही. 2025 च्या दराने अर्जाचे 880 पौंड आणि आरोग्य अधिभाराचे वर्षाला 1,035 पौंड, म्हणजे दोन वर्षांचे मिळून 2,950 पौंड, सगळे एकदम भरायचे. इकडे बहुतेक शैक्षणिक कर्जांचे हप्ते कोर्स संपल्यावर सहा महिने ते वर्षभरात सुरू होतात.

हा व्हिसा वाढवून मिळत नाही. पुढे राहायचे तर स्किल्ड वर्कर व्हिसा लागतो आणि त्यासाठी परदेशी माणसांना नोकरीवर घेण्याचा सरकारी परवाना असलेल्या कंपनीची स्पॉन्सरशिप. 22 जुलै 2025 पासून त्याची सर्वसाधारण पगारमर्यादा 41,700 पौंड आहे. नवख्यांना, म्हणजे ‘न्यू एन्ट्रंट’ना, सवलत आहे: 33,400 पौंड किंवा त्या पदासाठी सरकारने ठरवलेल्या पगारदराच्या 70 टक्के, यांत जे जास्त असेल ते. पदाचा दर 50,000 असेल तर 35,000 हवेत, 33,400 वर भागत नाही. बोनस आणि ओव्हरटाइम धरत नाहीत. मेळाव्यात कोणी सांगत नाही अशी गोष्ट पुढेच आहे. ही सवलत एकूण चार वर्षांची असते आणि ग्रॅज्युएट व्हिसावरचा काळ त्यातूनच वजा होतो. दोन वर्षे तिथे घालवली तर सवलतीची दोनच उरतात. नंतर पगार पूर्ण मर्यादेवर न्यावा लागतो. हे मालकालाही ठाऊक असते.

म्हणूनच ऑफर हातात असेल तर स्टुडंट व्हिसावरून थेट स्किल्ड वर्करवर जाणे जास्त शहाणपणाचे. नोकरीची सुरुवात कोर्स संपल्यानंतरची असली की हे करता येते. शिवाय अशा उमेदवारासाठी कंपनीला ‘इमिग्रेशन स्किल्स चार्ज’, म्हणजे परदेशी कर्मचारी स्पॉन्सर करताना सरकारला द्यायचे शुल्क, भरावा लागत नाही. लहान कंपनीच्या मुलाखतीत ही माहिती जरूर द्यावी. त्यांच्या एचआरला ती असेलच असे नाही.

परवानाधारक कंपन्यांची यादी ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर फुकट मिळते. लाखाहून जास्त नावे आहेत, पण ती नोंदणीकृत नावे असतात, पाटीवरची नव्हेत. त्यामुळे आधी ‘कंपनीज हाउस’ या तिथल्या कंपनी नोंदणी कार्यालयाच्या नोंदींत खरे नाव शोधायचे, मग यादीत पाहायचे. नाव सापडले म्हणजे त्याच पदाला स्पॉन्सर करतील असेही नाही. अर्जात दोन वेगळे प्रश्न येतात: आज काम करण्याचा हक्क आहे का आणि पुढे स्पॉन्सरशिप लागेल का. ग्रॅज्युएट व्हिसावर दोन्हींचे खरे उत्तर ‘हो’ आहे. दुसऱ्याला ‘नाही’ ठोकून मुलाखत मिळवणाऱ्यांचा विषय पुढे कागदपत्रांच्या तपासणीत संपतो. लाखो रुपयांत स्पॉन्सरशिपचे सर्टिफिकेट देतो म्हणणाऱ्याच्या तर वाऱ्यालाही उभे राहू नये.

पार्टटाइम कामाचे घोळ वेगळेच. शिकत असताना सत्राच्या काळात आठवड्याला 20 तास, आठवडा सोमवार ते रविवार. मास्टर्सवाल्यांना उन्हाळा ही सुट्टी वाटते. पण प्रबंध चालू असतो, त्यामुळे सहसा तेव्हाही मर्यादा 20 तासांचीच. पगाराची नोंद कर खात्याकडे जाते आणि पुढच्या व्हिसाच्या वेळी ती बाहेर येऊ शकते. दुसऱ्याच्या नावच्या खात्यावर जेवणाची डिलिव्हरी करणे तर सरळ बेकायदा आहे. स्टुडंट व्हिसावर स्वयंरोजगाराला परवानगीच नाही.

मेळाव्याला जाणाऱ्या पालकांनी स्टॉलवर एवढेच विचारावे: तुमच्यामार्फत गेलेल्यांपैकी किती जणांना स्किल्ड वर्कर व्हिसा मिळाला, कोणत्या पदावर, किती पगारावर? ‘सगळ्यांना वर्क परमिट मिळाले’ हे उत्तर धरू नये. ग्रॅज्युएट व्हिसा कोर्स पास होऊन वेळेत अर्ज करणाऱ्या जवळपास प्रत्येकाला मिळतो, त्याला नोकरी लागत नाही. आपण या जाहिराती छापताना हा फरक निदान एका चौकटीत द्यावा, ही विनंती.

आपला,
एक करिअर समुपदेशक, पुणे