विजेच्या गाडीत पेट्रोलचं इंजिन कशाला?

कोलंबिया, साउथ कॅरोलिना

तीर्थरूप अण्णांस,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "विजेची गाडी घेतोयस ना, मग वर पेट्रोलचं इंजिन कशाला मागतोस?" तेवढ्यात आईने फोन घेतला आणि उत्तर राहून गेलं. फोनवर दोन वाक्यांत उरकण्यासारखं ते नाहीच, म्हणून लिहायला बसलो.

गाडीचं नाव स्काउट ट्रॅव्हलर. अजून बाजारात आलेली नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये कंपनीने नमुना दाखवला आणि आम्ही शंभर डॉलर भरून नंबर लावून ठेवला. नको झाली तर पैसे परत मिळतात, त्यामुळे काळजी करू नका. कारखाना आमच्या उशालाच आहे म्हणा ना. ब्लाइथवुडला, आय-७७ हायवेच्या कडेला. मालक फोक्सवॅगन समूह. दोन अब्ज डॉलर ओतून वर्षाला दोन लाख गाड्या काढायचा बेत आहे. काम सुरू झालं तेव्हा हायवेवरून नुसती उकरलेली लाल माती दिसायची, आपल्याकडे धरणाच्या कामावर दिसते तशी. मग क्रेन आल्या, लोखंडी सांगाडे उभे राहिले. गाड्या २०२७ पासून निघतील असं कंपनीने तेव्हा सांगितलं होतं. नव्या कंपनीच्या तारखा पुढे सरकतातच, असं धरूनच मी चाललोय.

आता गंमत ऐका. या गाडीचं घराणं तुमच्या ओळखीचं आहे. आबांचा बी-२७५ ट्रॅक्टर आठवतो ना? १९६३ साली महिंद्रांनी अमेरिकेतल्या इंटरनॅशनल हार्वेस्टरशी भागीदारी केली, त्यातून तो मुंबईत बनू लागला. त्याच हार्वेस्टर कंपनीने इकडे १९६१ ते १९८० स्काउट नावाची दणकट गाडी काढली, शेतकऱ्यांना आणि रानावनात हिंडणाऱ्यांना चालेल अशी. पुढे कंपनी कर्जात बुडाली. ट्रॅक्टरचा धंदा विकला गेला, ट्रकचा उरला त्याचं नाव नॅव्हिस्टार झालं. २०२१ मध्ये ते फोक्सवॅगनच्या ट्रक कंपनीने घेतलं, आणि त्या व्यवहारात स्काउट हे नाव जर्मनांच्या हाती आलं. पेट्रोल इंजिनवाल्या गाडीला त्यांनी हार्वेस्टर असंच नाव दिलंय. म्हणजे आपण त्यांचे जुनेच गिऱ्हाईक.

तर इंजिन कशाला? आधी हे लक्षात घ्या की ते चाकांना जोडलेलंच नाही. चाकं फिरवतात विजेच्या मोटारी. इंजिन मागच्या बाजूला बसतं, जनरेटर फिरवतं आणि बॅटरी भरतं, एवढंच त्याचं काम. आपली डिझेलवर चालणारी रेल्वे इंजिनं अशीच असतात, डिझेलने वीज करायची आणि विजेने चाकं ओढायची. इथे फरक इतकाच की मध्ये मोठी बॅटरी आहे. रोज रात्री गॅरेजमध्ये वायर लावली की सकाळी गाडी भरलेली. इंजिनाला हातही लागत नाही.

नुसत्या बॅटरीची ट्रॅव्हलर एका चार्जिंगला ३५० मैल जाईल असं कंपनी म्हणते, म्हणजे साधारण साडेपाचशे किलोमीटर. जनरेटरवालीत बॅटरी लहान असते, विजेवर दीडशे मैलांच्या आसपासच. पण टाकीतलं पेट्रोल धरून पल्ला पाचशे मैलांवर जातो, आठशे किलोमीटर. कागदावर साडेपाचशेही पुष्कळ वाटतात. पण इथली माणसं गाडीमागे काहीतरी जोडल्याशिवाय घराबाहेर पडत नाहीत. आमचा शेजारी दर शनिवारी बोट ओढत लेक मरी या तलावावर जातो. मागे ट्रेलर लागला की विजेच्या गाडीचा पल्ला जवळजवळ निम्म्यावर येतो. थंडीत घटतो तो वेगळाच.

आणि चार्जरची तऱ्हा! मोठ्या हायवेवर बरी सोय आहे, आत छोट्या गावाकडे वळलं की नशिबाचा खेळ. गेल्या उन्हाळ्यात आमची छोटी विजेची गाडी घेऊन डोंगराकडे निघालो होतो. एका दुकानाच्या मागच्या बाजूला चार चार्जर. एकाचा पडदा काळा, दुसरा कार्डच घेईना, उरलेल्या दोघांवर गाड्या. त्यातल्या एकात बाई सीट मागे टाकून घोरत होत्या. डांबरातून वाफा निघत होत्या, पोरांची भुणभुण सुरू, आणि सूनबाई माझ्याकडे अशा बघत होत्या जणू चार्जर मीच बसवलेत. पेट्रोल पंपावर पाच मिनिटांत सुटका झाली असती. शंभर डॉलर त्या दिवसासाठी भरलेत म्हणा.

सूनबाईंना मात्र हे अजिबात पटलेलं नाही, आणि त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखंही नाही. त्या म्हणतात, रोजचं येणंजाणं दीडशे मैलांच्या कितीतरी आत. मग वर्षातल्या मोजक्या दिवसांसाठी ऑइल बदलायचं, फिल्टर बदलायचे, सायलेन्सर सांभाळायचा, आणि एवढं सगळं वजन रोज वाहायचं? विजेची गाडी घेण्यातलं सुखच ते, की हे सगळं सुटतं. शिवाय टाकीत पडून पेट्रोल शिळं होतं. हे खरंच आहे. शेव्हरलेने २०१० मध्ये व्होल्ट काढली, तिच्यात वर्षभर पेट्रोल वापरलं नाही तर गाडी आपणहून इंजिन चालवून ते जाळून टाकायची.

माझी धास्ती वेगळी आहे. बीएमडब्ल्यूच्या आय-३ या छोट्या गाडीतही असं इंजिन मिळायचं, ६४७ सीसीचं, दोन सिलिंडरचं. अमेरिकेत ते बॅटरी पार तळाला गेल्यावरच सुरू व्हायचं, कारण कॅलिफोर्नियाचे नियम सांभाळायचे होते. सपाट रस्त्यावर ठीक. लांब चढ लागला की मोटार खाते जास्त आणि एवढंसं इंजिन भरतं कमी, गाडी मंदावायची. आम्हाला ॲशव्हिलकडे जायचं तर आय-२६ वर सलूडाचा चढ आहे, मैलोन्‌मैल अंगावर येणारा, ट्रक तिथे धापा टाकत चढतात. स्काउटचं इंजिन चार सिलिंडरचं आहे, बीएमडब्ल्यूपेक्षा नक्कीच मोठं. तरी भरलेली गाडी, मागे ट्रेलर आणि रिकामी बॅटरी अशी ती कुणीतरी सलूडा चढवून दाखवेपर्यंत मी बाकीचे पैसे भरणार नाही. नंबर लावणाऱ्यांपैकी ८० टक्क्यांहून जास्त लोकांनी जनरेटरवालीच मागितलीय, असं कंपनीचे प्रमुख स्कॉट केओ सांगतात. म्हणजे धास्ती माझ्या एकट्याची नाही. चीनमध्ये तर ली ऑटो २०१९ पासून अशा गाड्या विकतेय, नवल आता फक्त अमेरिकेलाच वाटतंय.

पैशाचं म्हणाल तर सुरुवातीची किंमत साठ हजार डॉलरच्या आत ठेवू असं कंपनी म्हणाली होती. तेव्हा विजेच्या गाडीवर सरकार साडेसात हजारांपर्यंत करसवलत द्यायचं. ती ३० सप्टेंबर २०२५ ला बंद झाली. म्हणून सध्या तरी जुनी गाडी विकत नाही, ती अजून दोन-तीन वर्षं सहज ओढेल. दादाला सांगा, रुपयांत हिशोब करून आईला घाबरवू नकोस.

एक भानगड अजून आहेच. स्काउटला डीलर नको, गिऱ्हाइकाला थेट गाडी विकायचीय. त्यावरून फोक्सवॅगनचे डीलर कोर्टात गेलेत. आणि आमच्या साउथ कॅरोलिनाच्या कायद्यात कंपनीने स्वतः गाडी विकणं बसत नाही, इथले टेस्लावाले बाहेरच्या राज्यातून गाडी घेऊन येतात. कायदा बदलला नाही तर कारखाना घरापासून वीस मिनिटांवर, आणि गाडी आणायला आम्ही राज्याची हद्द ओलांडायची.

आईला साष्टांग नमस्कार. दादा-वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. पत्र मिळाल्याचं कळवा.

आपला,
धाकटा