क्रुसांसाठी हातभार लावणाऱ्यांचे आभार

पुण्यात जुन्या लाकडाचे क्रूस बनवताना ज्यांनी मदत केली, त्यांची नावं विचारायची राहून गेली, म्हणून हे जाहीर आभार.

कसब्यात पाडत असलेल्या वाड्याच्या दारात मी घुटमळत होते, तेव्हा "ताई, हे वासे जळणात जातील, हवे तर न्या" म्हणणारे दादा, सगळ्यात आधी तुम्ही. जुनं सागवान ते! वरचा काळा थर मी मुद्दाम पूर्ण काढला नाही. गुळगुळीत क्रूस दुकानातही मिळतात.

भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधले मिस्त्री, तुमचे उपकार मोठे. करवत लावायच्या आधी लोहचुंबक फिरवा, आत तुटलेला खिळा असला तर पातं गेलंच, हे तुम्ही सांगितलंत. दोन्ही पट्ट्यांना निम्म्या जाडीची खाच घेऊन त्या एकमेकींत बसवायच्या, हेही तुम्हीच पटाशीने करून दाखवलंत. आता खिळा फक्त शोभेला. पैसे मात्र घेतले नाहीत. चहासुद्धा तुम्हीच पाजलात.

पॅकिंगच्या फळ्यांवर 'एमबी' छाप असेल तर ते लाकूड मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं, घरात नको. 'एचटी' म्हणजे नुसतं तापवलेलं, ते चालेल. हे समजावणारा गोदामातला मुलगाही लक्षात आहे.

आणि गुरुवार पेठेतल्या पवित्र नाम देवालय या चर्चबाहेर भेटलेल्या आजी, आडवी पट्टी थोडी वर घ्या म्हणालात ते बरोबरच होतं.

जवसाचं तेल अजून वाळतंय. नाताळाआधी तुम्हा प्रत्येकासाठी एकेक क्रूस बाजूला ठेवते. ओळख पटली तर हक्काने मागा.