तुला कोण काढणार?

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

काल तू रागाने फोन ठेवलास. लगेच परत लावणार होते, पण फोनवर आपलं दोघींचं धड बोलणं होत नाही, म्हणून लिहिते. कुआरी पासच्या बर्फातल्या ट्रेकला जाऊ नकोस असं मी म्हणणार नाही. उत्तरकाशीहून तू गिर्यारोहणाचा बेसिक कोर्स करून आलीस, तेही ए ग्रेड घेऊन, तेव्हा आजीने अख्ख्या वाड्याला पेढे वाटले. अजूनही कुणी आलं की ती तुझा बर्फातला फोटो आधी दाखवते, पाण्याचं मग विचारते. मलाही तेवढाच अभिमान आहे, बोलून दाखवत नाही इतकंच.

पण हिमस्खलनाचं विचारलं तेव्हा ‘बीकन गाईडकडे आहे’ म्हणालीस ना, तिथेच माझं मन अडकलंय. एकट्या गाईडकडे असून काय होणार? गाडलेल्याच्या अंगावरचं बीकन सिग्नल सोडतं आणि वरचा माणूस आपलं बीकन शोधावर टाकून तो पकडतो, हे ओट्याशी उभी राहून तूच मला समजावलं होतंस. मग प्रत्येकाकडे बीकन, बर्फात खुपसून शोधायची काठी म्हणजे प्रोब, आणि फावडं नको? तुझ्या मित्रमंडळींनी बर्फ पाहिला तो सिमल्याच्या रस्त्यावर. त्यांच्यातलं कुणी गाडलं गेलं तर तू काढशील, याची मला खात्री आहे. तुला कोण काढणार?

मदत येईल म्हणू नकोस. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढलेला माणूस बहुतेक वेळा वाचतो; त्यानंतर आशा भराभर ओसरते, कारण आपलाच उच्छ्वास तोंडापुढच्या बर्फात कोंडून जीव घुसमटतो. तेवढ्या वेळात जोशीमठातून पथक निघणारसुद्धा नाही. कुआरी पासच्याच चमोली जिल्ह्यात, माणाजवळ, 28 फेब्रुवारी 2025 ला रस्त्याच्या कामावरचे 54 मजूर हिमस्खलनात सापडले. लष्कर जवळ होतं म्हणून 46 वाचले. तरी शोध तीन दिवस चालला आणि आठ जण गेले.

गाईड अनुभवी आहे, यानेही माझं समाधान होत नाही. 4 ऑक्टोबर 2022 ला द्रौपदी का डांडा शिखरावर हिमस्खलनात सापडली ती तुझ्याच उत्तरकाशीच्या संस्थेची तुकडी होती, प्रशिक्षक बरोबर होते. 27 मृतदेह मिळाले, दोघांचा पत्ताच लागला नाही. त्या आठवड्यात तू घरात कुणाशी बोलत नव्हतीस.

हर्णैला तू दादाला गळ्यापर्यंत वाळूत पुरलं होतंस, आठवतं? आधी दोघंही खिदळत होतात. मग भरती चढायला लागली आणि दादाला बोटही हलवता येईना. ओली वाळू चेपून दगडासारखी झालेली. तू हातांनी उकरत होतीस, नखांतून रक्त आलं तरी थांबेनास. शेवटी मावशी शेजारच्या वाडीतून फावडं घेऊन धावत आली. दादा त्या रात्री तुझा हात धरून झोपला. काल फोन ठेवल्यापासून मला तुझी ती बोटंच दिसताहेत. हिमस्खलन थांबलं की बर्फही तसाच आवळून बसतो म्हणे. म्हणून फावडं हवं, आणि तेही धातूचं.

आणखी एक. ताजा बर्फ पडला तर पुढचे दोन दिवस तीव्र उतारांवर जाऊ नका, परतीचं तिकीट बुडालं तरी चालेल. चंडीगडच्या डीजीआरई या संस्थेचं हिमस्खलनाचं बुलेटिन रोज बघ. पण ते जिल्ह्याचं असतं, तुमच्या समोरच्या उताराचं नाही. 30 ते 45 अंशांचा उतार असेल, वाऱ्याने त्यावर बर्फ आणून टाकला असेल, पायाखाली धप्प आवाज आला, तर माघारी फिरा. ओलांडावाच लागला तर एकेकाने जा, बाकीच्यांनी त्याच्यावरची नजर हलवायची नाही. बीकन सॅकमध्ये नको, जॅकेटच्या आत अंगावर, आणि मोबाईल त्याच्यापासून लांब.

झालं माझं भाषण सुरू. माफ कर गं. यातलं निम्मं तुझ्याकडूनच शिकले आणि तुलाच ऐकवतेय. पण तू एकटीने शिकून काय उपयोग, मनू? बाकीच्यांनाही हे जमायला हवं. बर्फ नसला तरी सराव होतो, पिशवीत बीकन घालून गवतात लपवलं तरी शोधता येतं. तळजाईच्या टेकडीवर करा. प्रत्येकाने तुला शोधून दाखवल्याशिवाय निघू नकोस.

बाबा काही बोलत नाहीत, पण बर्फ आत जाऊ नये म्हणून बुटांवर घालतेस त्या तुझ्या गेटर्सची तुटलेली चेन त्यांनी बदलून आणली आहे. आज त्यांना एक फोन कर.

बीकन भाड्याने मिळतात ना? सगळ्यांचे पैसे मी आज पाठवते, त्यावरून वाद नको. शनिवारी दुपारच्या एसटीने पुण्याला येते. रविवारी सकाळी तळजाईवर सगळ्यांना बोलाव, पिशवी मी लपवीन.

तुझी,
आई