साडेसातचे कुलूप आणि मेरिट

प्रति,
मा. संपादक,

स. न. वि. वि.

आयआयटीच्या प्रवेशफेऱ्या सुरू झाल्या की आमच्या निवृत्त प्राध्यापकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एक रडगाणे हमखास लागते. यंदा ते एका जुन्या सहकाऱ्यांनी लावले. नातवाला हवी ती शाखा मिळाली नाही आणि त्याच्यापेक्षा बराच मागचा रँक असलेल्या एका मुलीला मुलींसाठीच्या जागेतून मिळाली. ‘मेरिटचा खून’ असे त्यांनी लिहिले. लगोलग आठ-दहा अंगठे उगवले. ज्यांनी स्वतःच्या मुलींना हौसेने इंजिनीअर केले, त्यांचेही त्यात होते.

मुलींसाठीच्या या जागा २०१८ पासून आल्या. त्याआधी या संस्थांत दहात एक मुलगीही धड नसे. मुलींचे प्रमाण पहिल्या वर्षी १४ टक्के, मग १७ आणि २०२० मध्ये २० टक्के व्हावे, असे ठरले. पण या जागा वाढीव आहेत. पंगतीत जास्तीची पाने मांडली, कुणाच्या पुढ्यातले पान ओढून घेतले नाही. शिवाय जेईई अ‍ॅडव्हान्स्ड पास झालेल्या मुलीलाच त्या मिळतात. सहकाऱ्यांच्या नातवाची शाखा कुणी नेली असेलच, तर त्याच्या पुढे असलेल्या मुलांनी. हे मी गटावर लिहिले. त्याला एकही अंगठा आला नाही, तो भाग वेगळा.

रँकबद्दल वाद नाही, नातवाचा पुढचा होता. पण तो रँक कशाकशाचा बनतो, हे आम्ही मास्तर मंडळींनीच विसरावे? माझ्याच नात्यात दोन वर्षांच्या अंतराने दोन भावंडे बारावीला होती. मुलाला लातूरला खोली घेऊन दिली, आई सहा महिने डबा करायला तिथे जाऊन राहिली. मुलीला मात्र ‘तू काय, हुशारच आहेस, इथलेच कॉलेज बरे.’ दहावीला तिला भावापेक्षा जास्त गुण होते.

हे घरातले झाले. विद्यापीठाच्या आवारातले सांगायचे तर आधी स्वतःचा गुन्हा कबूल करायला हवा. रसायनशास्त्र शिकवत असताना नऊ वर्षे मी मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर होते. संध्याकाळी साडेसातला फाटकाला कुलूप. ते मीच लावत असे आणि किल्ली पदराला बांधावी तशी जपत असे. ग्रंथालय रात्री दहापर्यंत उघडे, प्रयोगशाळा तर गाइडची मर्जी असेल तोवर. मुलांच्या वसतिगृहाला फाटक होते, पण ते लागलेले मी कधी पाहिले नाही. एम.एस्सी.ची एक मुलगी प्रकल्पासाठी कॉलम, म्हणजे मिश्रणातले पदार्थ वेगळे करणारी काचेची नळी, लावायची. तो रात्रभर चालतो, दर तासा-दोन तासांनी नमुने गोळा करावे लागतात. तिने रात्रीचा पास मागितला. मी नियमाप्रमाणे वडिलांचे पत्र मागितले. वडील दीडशे किलोमीटरवर, शेतकरी. पत्र यायला अकरा दिवस लागले. तोवर तिचा कॉलम तिच्याच वर्गातला एक मुलगा सांभाळत होता. भला होता तो, त्याच्याविषयी तक्रार नाही. पण नोंदी त्याच्या वहीत झाल्या आणि शोधनिबंधावर नाव त्याचे आधी आले. पुढे पीएच.डी.च्या मुलाखतीत निवड समितीने तो निबंध पाहून त्याला घेतले. आजही कुणी विचारले तर कागदोपत्री मेरिट त्याचेच निघेल.

मुलींच्या सुरक्षिततेची काळजी मलाही होती, ते ढोंग नव्हते. पण काळजी असेल तर आवारात दिवे लावावेत, रखवालदार नेमावेत. आम्ही कुलूप लावले, कारण कुलूप स्वस्त पडते. लैंगिक छळाला आळा घालण्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने जे विनियम २०१६ मध्ये लागू केले, त्यांत हेच स्पष्ट म्हटले आहे: सुरक्षिततेच्या नावाखाली मुलींच्या वसतिगृहांना मुलांपेक्षा वेगळे, जाचक नियम लावता येणार नाहीत. मी तोवर निवृत्त झाले होते. कुलूप मात्र झाले नव्हते. आता ते साडेआठला लागते, एवढी प्रगती.

मेरिटच्या नावाने गळा काढणाऱ्यांना १९३३ सालच्या एका गोष्टीची आठवण करून द्यावीशी वाटते. कमला भागवत, म्हणजे पुढच्या डॉ. कमला सोहोनी, मुंबई विद्यापीठात बी.एस्सी.ला पहिल्या आल्या आणि त्यांनी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत अर्ज केला. वडील आणि काका त्याच संस्थेत शिकलेले. संचालक सर सी. व्ही. रामन यांनी प्रवेश नाकारला. कारण एकच, अर्जदार बाई होती. बाईंनी हट्ट सोडला नाही, तेव्हा अटी घालून घेतले. पहिले वर्ष केवळ पारखून बघण्याचे, संचालकांचे समाधान होईपर्यंत कामाला मान्यता नाही आणि प्रयोगशाळेतल्या पुरुषांचे लक्ष विचलित होता कामा नये! पुरुषांचे लक्ष पुरुषांनी सांभाळावे, हे त्या नोबेलविजेत्या बुद्धीलाही सुचले नसावे. कमलाबाईंचे काम बघून रामन यांनी पुढे मुलींना दार उघडले, हेही खरे. १९३९ मध्ये त्या केंब्रिजच्या पीएच.डी. झाल्या. तर मुद्दा असा की तेव्हा गुणानुक्रमे पहिले असून भागले नव्हते, आणि मेरिटचा खून झाला म्हणून कुणी ओरडल्याचे मी तरी वाचलेले नाही.

निवड समित्यांवर मीही बसले आहे. मुलगी समोर आली की ‘लग्नाचे काय ठरले?’ हा प्रश्न कुणीतरी विचारतोच, वर हसतो. मुलाला नाही विचारत. पीएच.डी. करणाऱ्या मुलींना बाळंतपण-संगोपनासाठी २४० दिवसांची रजा आणि दोन वर्षांची वाढीव मुदत नियमात आहे. ती मागणाऱ्या मुलीकडे बघून गाइड कसा सुस्कारा सोडतो, ते नियमात नाही.

पुढच्या मे महिन्यात बारावीचा निकाल लागेल आणि आपल्या पहिल्या पानावर ‘यंदाही मुलींचीच बाजी’ हा मथळा येईल. त्याच दिवशी आतल्या पानावर एक तक्ता छापावा, ही विनंती: जिल्ह्यातल्या महाविद्यालयांच्या मुलांच्या आणि मुलींच्या वसतिगृहांची फाटके रात्री किती वाजता लागतात आणि तिथली ग्रंथालये किती वाजता. माहिती गोळा करायला बातमीदार मोकळा नसेल तर मी फिरेन. बऱ्याच ठिकाणच्या रेक्टर माझ्या ओळखीच्या आहेत.

आपली विश्वासू,
एक निवृत्त प्राध्यापिका, मिरज