बाबा, गडग्याला सिमेंट लावू नका

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

हे फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर आई "बरं बरं, जेवलीस का" करते आणि बाबा टीव्हीचा आवाज कमी करायला म्हणून उठतात ते परत येतच नाहीत. म्हणून लिहितेय. पिंट्याला मोठ्या अक्षरात प्रिंट काढून द्यायला सांगितलंय. बाबा, चष्मा लावून मोठ्याने वाचा, आणि आई, तू मधेच कुकर बघायला उठू नकोस.

आधी भांडण. बाबा, तुम्ही श्रावणात कुंपणाच्या गडग्याचे दगड रचताना पडलात आणि मला ते दसऱ्याला कळतं, तेही पिंट्याच्या तोंडून निसटलं म्हणून. "थोडं खरचटलं" म्हणे. गुडघ्यात पाणी झालं होतं ना? मी रोज भिंती रचणाऱ्या माणसांत असते, कुठल्या वयाला कुठला दगड उचलावा ते मला आता बऱ्यापैकी कळतं.

आणि आता माझी चोरी. मीपण लपवलंय. सोमवारी सही केली, अजून दोन वर्षं इथेच, पोर्तुगालात. मे महिन्यात कायमची येते म्हटलं होतं, ते नाही होत. आई, थांब, लगेच डोळ्याला पदर नको लावूस. पैशासाठी नाही असं लिहिणार होते पण खोटं कशाला, कौलांचं कर्ज फिटेल हे आहेच, पण तेवढंच असतं तर पुण्यातली नोकरी होतीच की, आणि मी तुम्हाला टाळते असंही नाही, आत्या काय म्हणेल ते म्हणू दे.

आई, तू शेजारी "आमची चर्च दुरुस्त करते" सांगतेस ते मला माहितीये. दारूचं गाव म्हणायला जड जातं ना? चर्चचं काम फक्त पहिलं वर्ष होतं. आता सगळ्या भिंतीच. दोउरो नदीच्या दोन्ही अंगाला डोंगर असे उभे की खाली बघितलं की पोटात गोळा येतो, आणि पायथ्यापासून माथ्यापर्यंत पायऱ्या पायऱ्यांची द्राक्षशेती, प्रत्येक पायरीला दगडी भिंत, त्यात चुना नाही, सिमेंट नाही, नुसता दगडावर दगड. म्हणजे गडगाच हो! आपला काळा दगड आणि इथला शिस्ट, शाळेच्या पाटीसारखे थर सुटणारा, एवढाच फरक. २००१ साली युनेस्कोने हे खोरं जागतिक वारशात घेतलं. वाडे-राजवाडेही आहेत म्हणा, व्हिला रियालजवळ मातेउशचा वाडा आहे, समोरच्या तळ्यात अख्खा उलटा दिसतो, फोटो काढायला ठीक. माझा जीव भिंतींत.

जुन्या भिंतींना मधे मधे चौकोनी भोकं ठेवलेली असतात. मला वाटलं पाणी जायला. तर नाही, त्या भोकात वेल लावायचे, म्हणजे वेल भिंतीतून बाहेर लोंबणार आणि वरची सपाटी धान्याला मोकळी. रेवदंड्याच्या सातखणी बुरुजाच्या भिंतीतून पिंपळ फुटलेला बघून तुम्ही दर रविवारी हळहळायचात, सात खणांतले चारच उरले म्हणून, आणि इथे लोक मुद्दाम भिंतीत झाड लावत होते.

मी स्वतः रचलेली पहिली भिंत, तीन मीटरची, पहिल्याच हिवाळ्यात पोट काढून बसली. मागे बारीक दगडाची भर घालायची असते, पाणी त्यातून झिरपून खाली जातं. मी कंटाळा करून माती लोटली होती. माती फुगली, भिंत ढकलली गेली. म्हातारा मिस्त्री एक शब्द बोलला नाही, नुसती माझ्यासमोर "गमेला" सरकवली. बाबा, गमेला! घमेलं! मी तिथेच हसत सुटले, त्याला वाटलं मी रडतेय. पगार, चावी, परात, सगळे शब्द इथे भेटतात. लहानपणी बाजारात कोर्लईच्या बायका आपापसात बोलायच्या आणि आई म्हणायची त्यांची वेगळीच भाषा, ती नोलिंग, पोर्तुगीजातून झालेली, तिचे चार शब्द माझ्या कानात राहिले होते ते इथे येऊन उघडले. पोर्तुगीज आपल्याकडून १७४० ला गेले, शब्द मागे ठेवून गेले.

हद्दीची गंमत सांगते. अठराव्या शतकात लोक इथल्या प्रसिद्ध पोर्ट वाईनच्या नावाने भलतीसलती वाईन खपवायला लागले, रंग गडद दिसावा म्हणून त्यात एल्डरबेरीचा रस घालायचे, भाव पडला. मग १७५६ पासून पोंबाल नावाच्या मंत्र्याने या मुलखाची हद्दच आखून टाकली आणि ग्रॅनाइटचे ३३५ खुंट रोवले, आतलीच वाईन खरी. काही खुंट अजून बागांत उभे आहेत. आपल्या अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला २०२२ ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं तेव्हा बाबा पेपर घेऊन अख्ख्या आळीत फिरले होते ना, तेच हे, अडीचशे वर्षं आधी. आजोबा असते तर म्हणाले असते, नानांच्या बाजूला असा एक ग्रॅनाइटचा हवा होता. जाऊ दे, तो विषय नको.

खरं कारण सांगू? इथे काही डोंगरांवर नुसत्या भिंती आहेत, वेल नाहीत, झुडपं माजलीत. १८६० च्या दशकात मुळं खाणारी एक बारीक कीड आली, फिलॉक्सेरा, अमेरिकेतून आलेली, बागाच्या बागा वाळल्या, लोक गडगे तसेच टाकून गेले. त्या ओसाड जागांना इथे मॉर्तोरिउ म्हणतात, मेलेली जमीन असंच काहीसं. पहिल्यांदा तिथे उभी राहिले तेव्हा मला ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतरची आपली वाडी दिसली. पोफळी एकावर एक आडव्या, आणि बाबा विहिरीच्या कठड्यावर बसलेले, दोन दिवस कुणाशी बोलले नव्हते. तिसऱ्या दिवशी कोयता घेऊन उठलात. इथल्यांनी पण कीड न लागणाऱ्या अमेरिकन वेलांच्या खुंटावर आपल्या वेलांची कलमं बांधली आणि परत उभे राहिले. आता त्या मेलेल्या जागांतल्या भिंती आम्ही नोंदवतोय, एकेक मोजून, कुठली रचायची कुठली तशीच ठेवायची. ते अर्ध्यावर टाकून मला नाही येता येणार हो. म्हणजे यायचं आहे, पण असं नाही.

माझी काळजी करू नका. भात इथे सगळीकडे मिळतो, खारवून वाळवलेला मासा तर यांचा जीव की प्राण, बाकालियाउ म्हणतात, आईच्या सुकटीची सर नाही पण भागतं. कोकमं अजून अर्धी बरणी आहेत. खोलीला हीटर आहे, दुलया दोन आहेत, मफलर आहे. घरमालकीण आजी जिना उतरताना रोज हाक मारते. आणि हो, सप्टेंबरात द्राक्षं तुडवायला मीपण उतरले, ग्रॅनाइटच्या हौदात, खांद्याला खांदा लावून गोविंदासारखी ओळ, एक-दोन, एक-दोन, दोन तास बोलायचंसुद्धा नाही, मग गाणी आणि नाच. पाय धुऊनच उतरतात, आई! आठवडाभर नखं जांभळी होती. प्यायले का विचारशील, तर चमचाभर, कफ सिरपसारखी गोड लागते.

लामेगूला देवीचं देऊळ आहे, म्हणजे चर्चच, ६८६ पायऱ्या, बाजूला निळ्या फरशांची चित्रं. चारशेव्या पायरीला दम लागला आणि आपला कनकेश्वराचा डोंगर आठवला. मी नागोबाच्या टप्प्यावर बसून "आता उचला" म्हणायचे आणि बाबा उचलायचे, खिशात आईने दिलेली आवळासुपारी. मी तिथेही बसले. कुणी उचललं नाही, ऐंशीची एक बाई मात्र काठी टेकत पुढे निघून गेली, मग लाजेने उठले.

आता ऐका. बाबांची तीन महिन्यांची शुगर या आठवड्यात, सकाळी उपाशीपोटी नाही गेलात तरी चालतं त्याला, त्यामुळे ते कारण नको. न्हाणीत धरायला दांडी बसवून घ्या, पिंट्याला पैसे पाठवलेत. आई, बीपीची गोळी "बरं वाटतंय" म्हणून बंद करायची नसते. नारळ पाडायला माणूस लावायचा, मालकाने शिडी चढायची नाही. संध्याकाळी ओटीवर दिवा मोठा लावा, तो झिरो बल्ब काढा.

जानेवारीत तीन आठवडे येतेय, तिकीट काढलंय, हे सगळ्यात आधी लिहायला हवं होतं. मग दोन वर्षांत तुम्ही एकदा इकडे या, पिन्यांउच्या स्टेशनवर १९३७ च्या फरशांची चित्रं आहेत, द्राक्षाच्या टोपल्या डोक्यावर घेतलेल्या बायका, आईला तिथे बाकावर बसवायचंय मला. गुडघे सांभाळलेत तर.

तुमची,
चिमणी

ता. क. तो काँट्रॅक्टर गडगा सिमेंटने सांधून देतो म्हणतोय असं पिंट्या म्हणाला. नको. पावसाचं पाणी अडेल आणि सगळाच बाहेर येईल, माझ्या भिंतीसारखा. पडलेला कोपरा तसाच ठेवा, दगड मोजू नका, हलवू तर मुळीच नका, गुरं शिरू नयेत म्हणून काट्याच्या फांद्या टाका. जानेवारीत मी रचते. बाबांनी खुर्ची टाकून बसायचं आणि कुठला दगड कुठे ते सांगायचं, आणि घमेलं शोधून ठेवा.